उघड्या पुस्तकाची परीक्षा

काका आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा चपला काढून सोफ्यावर टेकले न टेकले तोच त्यांनी "बाथरूम कुठंय?" असं विचारलं आणि आत गेले. मग फ्लशचा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला. मग तिसऱ्यांदा आला. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे पाहिलं आणि मी काकूंकडे. काकू शांतपणे चिवडा खात होत्या.

"काकांना बरं आहे ना?" मी हळूच विचारलं.

"त्यांना बरंच असतं," काकू म्हणाल्या. "तुमच्या घराला बरं आहे का ते बघतायत."

काका बाहेर आले ते शर्टाच्या खिशात छोटा टॉर्च टाकत. हात पुसत म्हणाले, "फ्लश केला की तुझं बेसिन गुरगुरतं. पाइपाला हवा मिळत नाहीये. छपरावर व्हेंटच्या, म्हणजे हवेच्या नळीच्या, तोंडाशी पक्ष्याने घरटं केलेलं असणार. उद्या शिडी लावून काढून टाक." आणि मग पानावर बसून त्यांनी अळूच्या भाजीचं मनापासून कौतुक केलं. आमच्या मनात मात्र ते गुरगुरणं राहिलं. दुसऱ्या दिवशी शिडी लावून पाहिलं तर घरटं होतंच.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या मराठी मंडळींत डॉक्टर होते, तेलकंपन्यांतले इंजिनियर होते, पीएचडी करणारी मुलंमुली होती. साठच्या दशकात आलेले काका तीस वर्षं एका मोठ्या शहराच्या परमिट ऑफिसात प्लंबिंग प्लॅन्स एक्झॅमिनर होते. म्हणजे कुणी इमारत बांधायला काढली की तिचे नकाशे आधी त्यांच्या टेबलावर यायचे. पिण्याचं पाणी कुठून येतं, घाण पाणी कुठून जातं, संडास पुरेसे आहेत का, हे सगळं तपासून ते सही करायचे, आणि त्यांची सही नसेल तर बांधकामाला हात लावता येत नसे. जबाबदारीचं काम. पण मंडळात त्यांना सगळे पाठीमागे 'प्लंबरकाका' म्हणायचे. हे नाव ठेवणाऱ्यांत मीही होतो. खरं सांगायचं तर पहिला मीच होतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. पुण्याचा एम.ई. बीम आणि कॉलम यांच्यापलीकडे इमारतीत काही असतं, हे मला तत्त्वतः मान्य होतं, पण त्यात डोकं घालणं माझ्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. दहावीत माझी गुणवत्ता यादी थोडक्यात हुकली होती आणि हे वाक्य मी अमेरिकेतही, विचारलेलं नसताना, वर्षातून चारपाच वेळा म्हणत असे.

काकांचा वचक नेमका काय होता हे कळलं ते दिवाळीच्या नाटकाला. मंडळाने एका शाळेचं सभागृह घेतलं होतं, चारशे माणूस. मध्यंतर झालं आणि बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर पार लॉबीच्या काचेपर्यंत रांग लागली. पुरुषांच्या दाराशी तिघेचौघे. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. काकांनी खिशातल्या फूटपट्टीने एका समोशाच्या खोक्याचं झाकण सरळ कापलं, त्यावर मार्करने 'लेडीज' असं लिहिलं, ते पुरुषांच्या दारावर लावलं आणि दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर होते, हृदयाचे. ते धावत आले. "काका, अहो हे काय? लोक काय म्हणतील?"

"लोक तिकडे रांगेत आहेत," काका म्हणाले. "त्यांना विचार काय म्हणतात ते."

"पण जेंट्सनी कुठं जायचं?"

"पंधरा मिनिटं दम धरायचा. त्यांच्या बायकांनी तीस वर्षं धरलाय." आणि मग त्यांनी चारशे माणसांना बायकांसाठी किती जागा लागतात याचा आकडा सांगितला, कलमाच्या क्रमांकासकट. डॉक्टर निघून गेले. दुसरा अंक वेळेवर सुरू झाला आणि त्या दिवसापासून मंडळातल्या समस्त बायकांनी काकांना प्लंबरकाका म्हणणं सोडलं. पुरुषांनी चालू ठेवलं. मीही ठेवलं.

पुढच्या वर्षी आमची कंपनी बसली. दोन हजार दोन सालची गोष्ट. ह्यूस्टनच्या आसपास तेव्हा इंजिनियर पैशाला पासरी झाले होते. चार महिने घरी बसल्यावर जवळच्या एका छोट्या गावाच्या परमिट ऑफिसात मला नोकरी मिळाली. जागा होती ट्रेनी प्लंबिंग प्लॅन्स एक्झॅमिनरची. हे पद वाचून मेधा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. अट एकच होती. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत सर्टिफिकेशनची परीक्षा पास व्हायचं, नाहीतर नोकरी संपली.

माझी बॉस डोना नावाची एक टेक्सन बाई होती. तिने विटेएवढं कोडचं, म्हणजे नियमांचं, पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "घाबरू नकोस, हनी. इट्स ओपन बुक."

ओपन बुक! पुस्तक उघडून उत्तरं लिहायची! माझ्या तोंडावर हसू आलं ते मी लपवलं नाही. आपल्याकडे असल्या प्रकाराला जे नाव आहे त्याबद्दल मुलांना वर्गाबाहेर काढतात. ज्यांना पाठ करता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय असणार, असं मी ठरवून टाकलं आणि पाठांतराला लागलो. मी पाठांतरात कधी हरलेलो नाही. बेसिन एक, बाथटब दोन, शॉवर दोन, घरातला संडास तीन, सार्वजनिक संडास चार. कुठल्या वस्तूमुळे पाइपावर किती भार येतो त्याचे हे आकडे. सकाळी तळ्याभोवती चालताना मी ते पाढ्यांसारखे म्हणायचो. समोरून येणारे लोक मला वाट करून द्यायचे. मेधा म्हणायची, झोपेत तू काल 'फ्लोअर ड्रेन, फ्लोअर ड्रेन' करत होतास.

एप्रिलमध्ये परीक्षेला गेलो. कम्प्युटरवर प्रश्न, शेजारी पुस्तक. आजूबाजूला सगळे पानं फडफडवत होते आणि मी पुस्तक मिटून, हाताची घडी घालून बसलो होतो. मला आठवतंय, मला त्यांची थोडी दया आली होती. चार तासांची परीक्षा मी दीड तासात संपवली. पास व्हायला पंचाहत्तर लागत होते, मला एकोणसाठ पडले.

घरी सांगितलं. मेधा म्हणाली, "होतं रे. नवीन विषय आहे." मी म्हणालो, प्रश्नच चुकीचे होते. मग जास्त पाठ केलं. जुलैमध्ये पुन्हा गेलो, पुन्हा पुस्तक मिटलेलं. सहासष्ट. या वेळी मात्र घरी सांगितलं नाही. परीक्षा पुढे ढकलली गेली, असं सांगितलं. डोनाला खरं सांगावं लागलं. तिने कॅलेंडरकडे बघून नुसतं "ऑक्टोबर" म्हटलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी काकांच्या दारात उभा होतो. हातात आंब्याच्या बर्फीचा डबा. ज्या माणसाला मी नाव ठेवलं त्याच्याकडे जाताना काय न्यावं, याचा मी दुकानात अर्धा तास विचार केला होता. तो विचार वाया गेला, कारण काकांना डायबेटिस होता.

"दोनदा नापास झालो, काका," मी म्हणालो. "मेधाला एकदाच माहितीये."

त्यांनी ना कीव केली, ना उपदेश. "पुस्तक आण," म्हणाले. मी पुस्तक दिलं. त्यांनी ते कानाशी धरून वाकवलं, पानं सोडली, आणि म्हणाले, "कोरं आहे रे हे. तू वाचलंस कशातून?"

मी अभिमानाने माझ्या तीन वह्या पुढे केल्या. सुवाच्य अक्षर, लाल शाईने आकडे, खाली दुहेरी रेघा. काकांनी त्या चाळल्या, "अक्षर छान आहे," म्हणाले, आणि काकूंना हाक मारून सांगितलं, "अगं, या वह्या माळ्यावर ठेव. ऑक्टोबरात देऊ त्याला परत."

मग दर शनिवारी सकाळी साडेनऊ. स्वयंपाकघराच्या टेबलावर एका बाजूला काका, एका बाजूला मी, मध्ये पुस्तक, आणि ओट्याशी काकू, ज्यांच्या हातात कुकरसाठीचं टायमर असायचं. काका प्रश्न विचारत. पहिल्या दिवशी पहिलाच प्रश्न मला येत होता. मी ताडकन उत्तर दिलं.

"शून्य," काका म्हणाले.

"पण बरोबर आहे, काका!"

"बरोबर आहे. पण बोट कुठंय?"

"कसलं बोट?"

"तुझं. पुस्तकात हे जिथं लिहिलंय त्या ओळीवर बोट ठेव, मग तोंड उघड. उद्या बिल्डर समोर येऊन उभा राहील, साडेसहा फुटी, आणि विचारेल, कुठं लिहिलंय? तेव्हा काय डोकं उघडून दाखवणार त्याला?"

मग मी शोधायला लागलो. पान सापडेना. विषयसूची बघायची मला सवयच नव्हती, लहानपणापासून पुस्तक म्हटलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गिळायचं एवढंच ठाऊक. काकूंचं टायमर वाजलं. "अहो, याची डाळ शिजली नाही," काकू म्हणाल्या. त्या सकाळी मला बारा शून्यं मिळाली. शाळाकॉलेजात मिळून एकही मिळालं नव्हतं, ती सगळी भरपाई एका बैठकीत झाली.

तेव्हा कळलं की मी तक्ते पाठ केले होते, पण तक्त्यांच्या खालच्या बारीक टिपा केल्या नव्हत्या. आणि परीक्षेत विचारतात ते नेमकं तेच. वरचा आकडा खरा, पण खालची टीप म्हणते की अमुक परिस्थितीत नाही. दोन्ही वेळा मी वरच्या आकड्याने बुडालो होतो. काका म्हणाले, "वरचं सगळ्यांना दिसतं. पगार खालचं वाचायचा मिळतो."

पानं सापडावीत म्हणून खुणा करायच्या होत्या, पण परीक्षेत सुट्या चिकटचिठ्ठ्या चालत नाहीत, पक्कं चिकटलेलं असेल तरच चालतं. यावर उपाय काकूंनी काढला. त्यांच्याकडे इंडियातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने आणलेल्या टिकल्यांचा वीस वर्षांचा साठा होता. पिण्याच्या पाण्याला हिरव्या टिकल्या, घाण पाण्याला चॉकलेटी, व्हेंटला लाल. ज्या टिपेने मला दोनदा बुडवलं तिला काकूंनी लग्नकार्यातली, खड्यांची, मोठी टिकली लावली. "ही आता विसरशील का?" म्हणाल्या.

काका शिकवताना कधीकधी मध्येच उठून नळ सोडत. पाणी कसं फिरत खाली जातं ते दाखवत. "पाणी खाली जाणारच. त्यात कुणाची हुशारी नाही. मागून हवा कुठून येणार, ते सांग." कुठल्याही नकाशावर ते आधी हवा शोधत आणि मग पाणी. रस्त्याने जाताना ते घरं बघत नसत, छपरावरचे पाइप मोजत. त्यांच्या गाडीत बसलं की हायवेवर पंचेचाळीस मैलांचा वेग, एसी बंद, काचा खाली, आणि काका एक हात बाहेर काढून सांगणार, "त्या घरात तीन बाथरूम आहेत आणि एक चोरून बांधलंय." मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत. काकांना वाटे ते ओळखीचे आहेत. ते हात हलवत.

ऑगस्टच्या शेवटी माझा धीर सुटला. एका शनिवारी अकरा शून्यं पडली आणि मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "काका, राहू दे. डॅलसजवळ अर्विंगला माझा एक मित्र आहे, तो म्हणतो सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, दोन महिन्यांत लागशील. हे आपलं काम नाही. शेवटी काय, संडासच मोजायचे ना?"

काकू ओट्याशी थबकल्या. काका रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"एका पाळणाघराचा नकाशा होता माझ्याकडे," ते म्हणाले. "पस्तीस मुलं. बागेला पाणी द्यायची लाइन होती, तिच्यातून खतही सोडणार होते. आणि ती लाइन मुलांच्या पिण्याच्या पाण्याला तशीच जोडलेली, मध्ये उलटं येणारं पाणी अडवायला काही नाही. एक बारकी रेघ होती कागदावर. मी तिथं लाल पेनाने गोल केला. त्यांनी ते दुरुस्त केलं. पाळणाघर झालं. मुलं मोठी झाली. कुणाला काही कळलं नाही, कळायचं कारणच नव्हतं. आपलं काम नीट झालं की कुणालाच काही कळत नाही. या पुस्तकातली प्रत्येक ओळ कुणीतरी आजारी पडल्यावर लिहिलीय रे. तू तिला संडास मोजणं म्हणतोस, म्हण."

मला खरोखर लाज वाटली. ती लपवायला मी पुस्तक उघडलं. काका चष्मा लावत म्हणाले, "तुला एकट्याला जायची भीती वाटते ना? मी येतो. माझंही सर्टिफिकेट रिटायर झाल्यावर संपलंच आहे. मीही बसतो परीक्षेला."

"या वयात?" काकू म्हणाल्या.

"ओपन बुक आहे," काका म्हणाले.

सप्टेंबरअखेर आम्ही दोघं काकांच्या गाडीतून पंचेचाळीसच्या वेगाने परीक्षेला गेलो. दारातल्या मुलीने माझं पुस्तक तपासायला घेतलं आणि पहिल्या लाल टिकलीवर थांबली. तिने ती नखाने खरवडून पाहिली. निघाली नाही. मग खड्यांची पाहिली. तिने शेजारच्या माणसाला बोलावलं, दोघांनी मिळून खरवडली. ती काकूंनी दाबून बसवलेली होती. पाच मिनिटांच्या चर्चेनंतर ती मुलगी म्हणाली, "इट्स व्हेरी प्रिटी," आणि मला आत सोडलं. काकांचं पुस्तक नवं होतं, त्यात एकही खूण नव्हती. ते तिने बघितलंही नाही.

आत मी प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडलं. येत होतं तिथेही उघडलं. बोट ठेवलं, वाचलं, मग बटण दाबलं. विसाव्या प्रश्नाला तो जुना तक्ता आला, माझ्या तोंडावर आकडा आलाही होता, आणि खाली खड्यांची टिकली चमकत होती. टीप वाचली. उत्तर वेगळं होतं. पन्नासेक मिनिटांनी समोरून काका उठले आणि बाहेर गेले. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात अनुभव. माझे चार तास पुरे होत आले तेव्हा मी शेवटचं बटण दाबलं. अठ्ठ्याहत्तर. पास.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. काका गाडीच्या काचा खाली करून आत बसले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, आकड्यावर बोट ठेवलं, मग नावावर ठेवलं, आणि इतके हसले, इतके हसले की त्यांना खोकला आला. "चल," म्हणाले. कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात त्यांनी दोन डोनट घेतले. एक माझ्यापुढे ठेवला आणि एक स्वतःपुढे, पण तो खाल्ला नाही. मला वाटलं, डायबेटिस. मी भडाभडा बोलत होतो, कुठला प्रश्न कसा आला, कसं बोट ठेवलं. त्यांनी मध्येमध्ये मान हलवली. त्यांना किती पडले हे मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही. तुम्ही पास झालात का, असं काकांना विचारणं मला मूर्खपणाचं वाटलं असतं.

नोकरी पक्की झाली. डोनाने हात हातात घेतला. मेधाने दसऱ्याला आमच्याकडे पाचसहा कुटुंबांना जेवायला बोलावलं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी. दुपारी बाराच्या सुमारास हॉल भरला. काका-काकू आले, डॉक्टर आणि त्यांची बायको आली, विद्यापीठातल्या दोन मुली आल्या. आपट्याच्या पानांऐवजी आम्ही मागच्या अंगणातल्या झाडाची पानं वाटली. मग कुणीतरी माझं अभिनंदन केलं.

मी पान हातात घेऊन म्हणालो, "अरे त्यात काय. वाचलं थोडंफार. झालो."

"फर्स्ट अटेम्प्ट?" डॉक्टरांनी विचारलं. काका-काकू सोडले तर पहिल्या वेळेचं फक्त मेधाला माहीत होतं, आणि ती आत पुऱ्या तळत होती.

"हो मग," मी म्हणालो.

काका कोपऱ्यातल्या सोफ्यावर श्रीखंडाची वाटी बाजूला सारून मेधाने त्यांच्यासाठी वेगळी केलेली भाजीपोळी खात होते. त्यांनी वर पाहिलं नाही. डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "आणि काका, तुम्ही तर गुरू. ऐकलं की तुम्हीही बसला होतात. शंभरपैकी शंभर ना?"

"एकाहत्तर," काका म्हणाले. "नापास."

हॉलमध्ये सगळेच एकदम बोलायला लागले. कम्प्युटरवरच्या परीक्षेचं असंच असतं. डोळ्यांना त्रास होतो. या वयात बसलात हेच केवढं.

"वयाचं काही नाही," काका म्हणाले. "माज. तीस वर्षांचा माज. पुस्तक उघडलंच नाही मी. सगळं पाठ होतं ना! मी रिटायर झाल्यावर नवी आवृत्ती आली, चार ठिकाणचे आकडे बदलले, टिपा बदलल्या. मी आपला जुनं जुनं लिहून पन्नास मिनिटांत बाहेर." मग त्यांनी पोळीचा घास तोडून अगदी रस घेऊन कुठले प्रश्न चुकले ते सांगायला सुरुवात केली. त्यांच्या तोंडावर ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. त्यांना एक नवी गोष्ट कळली होती आणि ती ते लोकांना सांगत होते.

माझ्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. एका शब्दाने त्यांनी मला उघडं पाडलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी हसून वेळ मारून नेली असती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "माझी फर्स्ट अटेम्प्ट नाही. तिसरी."

मेधा पुऱ्यांची परात घेऊन दारात उभी होती. "तिसरी?" ती म्हणाली.

"दोनदा नापास झालो. एकोणसाठ आणि सहासष्ट."

डॉक्टरांच्या बायकोला हसू फुटलं. "अहो, सांगा की आता," ती नवऱ्याला म्हणाली. डॉक्टर लाल झाले. मग कळलं की इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेत तेही पहिल्यांदा नापास झाले होते, आणि त्यांच्या आईला ते आजतागायत माहीत नव्हतं. एक मुलगी म्हणाली, माझी पीएचडीची क्वालिफायर परीक्षा गेलीये, मेमध्ये, आईबाबांना सांगितलं नाहीये. दुसरी ड्रायव्हिंगमध्ये चारदा. पुऱ्या संपेपर्यंत आमच्या हॉलमध्ये सात नापास निघाले, आणि सगळे आपापल्या शाळेत पहिले आलेले.

मेधा हसली नव्हती. मी ताटं घेऊन आत गेलो तेव्हा ती सिंकपाशी पाठमोरी होती.

"दुसऱ्यांदा कधी?"

"जुलैत. परीक्षा पुढे ढकललीये म्हणालो होतो तेव्हा."

"त्या दिवशी तू संध्याकाळी आलास. कुठं होतास?"

"पार्किंगमध्ये. गाडीत बसलो होतो."

"इतका वेळ? त्या उन्हात?" तिने नळ बंद केला. "मला फोन करायचास रे. मी येऊन बसले असते शेजारी."

आणि तिथंच, हातात खरकटं ताट असताना, मला ते दुसरं पार्किंग दिसलं. काका पन्नास मिनिटांत बाहेर पडले होते. मी बाहेर आलो चार तासांनी. तीन तास तो माणूस स्वतःचा नापासाचा कागद खिशात घालून, काचा खाली करून, उन्हात माझी वाट बघत बसला होता. आणि मी आल्यावर हसला होता तो खोकला येईपर्यंत.

मी बाहेर आलो. पाहुणे अंगणात गेले होते. काका सोफ्यावर एकटेच बडीशेप चघळत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"काका, त्याच दिवशी सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं," काका म्हणाले, "तर तू डोनट खाल्ला असतास का?"

नसता खाल्ला. मी तर दोन खाल्ले होते. दुसरा त्यांच्या वाटणीचा.